मुंगीच्या बाजूनं लढणारा

आदू, आधी तुझ्या थोरल्या बहिणीचं, पद्माक्कांचं नाव घेतो, मग बाकीचं सांगतो.

त्यांनी सांगलीच्या मार्केट यार्डासमोरच्या एसटीडी बूथवरून मदुराईला फोन लावला. आमच्या सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानात फोन नाही, शेजारच्या भांडीवाल्याकडे आहे, आणि त्याला तमिळशिवाय एक शब्द कळत नाही. अक्कांना तमिळ येत नाही. तरी त्यांनी त्या माणसाकडून मला भट्टीपुढून उठवून आणवलं. तो मला नंतर म्हणाला, "ती बाई नुसतं तुझं नाव घेत होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. म्हणूनच मी पळत आलो."

"संपत, आदू गाडीवरनं येताना बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर गेला," अक्का म्हणाल्या. "मिरजेला हाय दवाखान्यात. तू ये." मग म्हणाल्या, "आन येताना तुझी माणसं घिऊन ये."

कोणती माणसं ते मी विचारलं नाही. खाटेखालची पेटी ओढली, कपड्यांच्या तळातला बिस्किटाचा डबा काढला आणि शेठजींपुढं जाऊन उभा राहिलो. डब्यात माझी फौज होती. शिशाची, बोटाच्या दोन पेरांएवढी, चिलखत घातलेली. शेठजींना वाटलं सोन्याचं काहीतरी आहे. त्यांनी झाकण काढून पाहिलं आणि माझ्याकडंही पाहिलं. "ह्ये घिऊन जाणार मरणाऱ्याकडं?" म्हणाले. तोवर मरणाचं नाव कुणी काढलं नव्हतं. मी घाबरलो, की त्यांनी काढलं म्हणजे आता होणार. तसा मी भित्राच, तुला माहीत आहे.

हे तुला माहीत नाही म्हणून तुलाच सांगतोय. तापात तू फार थोडा वेळ शुद्धीवर होतास.

पहिल्यांदा तू आलास तेव्हा मी सांगलीच्या गलाईत नवा होतो. सातवीतनं शाळा सुटलेली. म्हसवडजवळच्या आमच्या गावात भावकीत बांधावरनं कुऱ्हाडी निघाल्या, चुलत्याचा हात कोपरातनं गेला. तो हात टॉवेलात गुंडाळून मी जीपमध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो. मग कोर्टकचेरी, आणि मला गावाबाहेर काढायचं म्हणून सांगलीच्या ओळखीच्या गलाईवाल्याकडं. दिवसभर राखेतनं चांदीचे कण वेचायचे, चांदी वितळवायची मूस धरायची, तेजाबाच्या वासानं डोळे चुरचुरायचे. तू मागच्या हळदीच्या गोदामाच्या मालकाचा पोरगा, इंजिनियरिंगला जाणारा. काखेत एक मोठा खोका घेऊन आलास आणि मालक नाहीत बघून म्हणालास, "शिसं वितळवशील काय रं?"

"कशाला?"

"फौज वाढवायची हाय."

खोका इंग्लंडात डॉक्टर असलेल्या तुझ्या चुलत्यांनी दिलेला. आत राखाडी प्लास्टिकचे तुकडे चौकटींना चिकटलेले, घोसातल्या कैऱ्यांसारखे. ते तोडायचे, चिकटवायचे, रंगवायचे. अर्धी माणसं, चिलखतवाली, हातात अगडबंब बंदुका. अर्धे सहा पायांचे किडे, तोंडाला विळे.

"लहान पोरांचं खेळणं हाय की," मी म्हणालो.

"खेळणं न्हाई, लढाई हाय. दुसऱ्या ग्रहावरची. आजून हजारो वर्षांनी व्हनारी."

"मग जिकलं कोण?"

"त्येच तर आपुन ठरवायचंय, गड्या."

ह्या वाक्यानं मी अडकलो. मला तोवर कुणी काही ठरवायला दिलं नव्हतं.

तुमच्या गोदामाच्या माळ्यावर, हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर पत्र्याचा जुना दरवाजा आडवा टाकून आपण ग्रह केला. त्यावर चाळलेली माती, हळकुंडाच्या गड्ड्यांचे खडक, नारळाच्या करवंटीचे बंकर. नियमांचं पुस्तक इंग्रजी, ते तू वाचायचास. अंतर मोजायला पद्माक्कांची शिलाईची टेप, फासे घरातल्या ल्यूडोचे. रंग कुठून आणायचे? तेही अक्कांनीच पाहिलं. माझ्या माणसांची चिलखतं कपड्यांच्या निळीनं, तुझ्या किड्यांच्या पाठी त्यांच्या नखपॉलिशनं. किड्यांना चकाकी इतकी भारी आली की तू महिनाभर ते हातात घेऊन उजेडात फिरवायचास. ब्रश म्हणजे खराट्याची काडी चावून केलेला. रंग सुकायच्या आत हवेतली हळद बसायची, म्हणून दोन्ही फौजांवर कायम पिवळसर झाक होती. तू म्हणायचास, त्या ग्रहाचा सूर्यच तसा आहे.

बाजू निवडताना मी सरळ किड्यांकडं हात नेला. मला राक्षस व्हायचं होतं. आयुष्यभर माराखालचाच होतो. तू माझा हात धरलास.

"किडे माझे. आमच्या जैनांत मुंगी मारत न्हाईत. मी माणसं घेतली तर मला किडे मारावे लागतील."

"आन माणसं मारली तर चालतंय व्हय?"

"त्यावर म्हाराजांनी काय सांगितलं न्हाई आजून."

खाली अक्का हसल्या ते माळ्यावर ऐकू आलं. तेव्हापासून तुझं माझं ठरलं: तू मुंगीच्या बाजूनं, मी माणसांच्या.

माणसं कमी पडू लागली तेव्हा शिशाचा विषय पुन्हा निघाला. कृष्णेवरचे कोळी जाळ्याचं जुनं शिसं स्वस्तात द्यायला तयार होते. तू नाक मुरडलंस. "त्येच्यानं लय मासं मेल्यात." मग भंगारवाल्याकडनं जुन्या केबलीचं शिसं आणलं. म्हणजे कुणाचा जीव न घेतलेलं शिसं आणून आपण त्याचे मारेकरी ओतले! मी हे बोलून दाखवलं तर तू दोन दिवस बोलला नाहीस.

साचा तू केलास, नदीच्या चिकणमातीचा. मी म्हणत होतो वाळू दे, तीन उन्हं खाऊ दे. तुला दम नव्हता. ओल्या साच्यात रस पडला आणि साचा बंदुकीसारखा फुटला. एक थेंब माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत पळत गेला, कातडी सोबत घेऊन. जळल्या मांसाचा वास मला ओळखीचा होता, तुला नव्हता. तू तिथंच आडवा झालास. अक्का वर आल्या तेव्हा जखमी मी उभा आणि धडधाकट तू बेशुद्ध. त्यांनी आधी माझा हात पाण्यात धरला, मग तुझ्या तोंडावर तेच पाणी मारलं. "शूर हायसा दोघं," म्हणाल्या. "ग्रह सांभाळणार म्हणं."

आणि असा तू, टेबलापाशी बसलास की कोण व्हायचास!

नुसतं 'मेला' म्हणणं तुला पुरायचं नाही. फासा बरोबर पडला की प्रत्येक मरण तू सांगायचास. किड्याचा विळा चिलखताच्या सांध्यात कसा घुसला, पोट कसं उघडलं, आतली आतडी त्या पिवळ्या मातीवर कशी पसरली, आणि तो माणूस ती गोळा करून परत आत कोंबत कसा बसला. माझ्या एका शिपायाचं मुंडकं तू हेल्मेटासकट खडकावरनं गडगडत आणलंस आणि ते थांबेपर्यंत त्याचे ओठ हलत होते म्हणालास. एकाला दोन किड्यांनी दोन्हीकडनं ओढून उभा फाडला. खाली तुझी आई ताटातला तांदूळ निवडत असायची, किडा निघाला तर बोटानं उचलून अंगणात सोडायची. आणि वर तिचा मुलगा माणसं सोलायचा.

सुरुवातीला मी म्हणायचो, "बास की रं."

"का? हे खरं थोडंच हाय?"

"तू बघितलेलं न्हाईस म्हणून तुला मजा वाटती. हात तुटल्यावर माणूस वरडत न्हाई, आदू. इकडंतिकडं बघतो, कुठं पडला म्हणून."

तू हळूच विचारलंस, "तुझ्या चुलत्यानं बघितलं?" मी हो म्हणालो. त्या दिवशी खेळ पुढं गेला नाही. पण पुढच्या आठवड्यात तू माझ्या एका शिपायाचा हात तोडलास आणि तो शिपाई इकडंतिकडं बघू लागला. मला राग यायला हवा होता. उलट काहीतरी सुटल्यासारखं झालं. मांडीवरचं ते ओझं मी तोवर कुणाला दिलं नव्हतं. तू ते घेऊन टेबलावर ठेवलंस, आणि तिथं ते बोटाच्या दोन पेरांएवढं झालं. त्याबद्दल कधी तुला 'बरं वाटलं' म्हणालो नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

आपली एकही लढाई एका बैठकीत संपली नाही. दिवस कलला की अक्का जिन्याच्या तळाशी यायच्या. "सूर्य चाललाय. ताटं वाढल्यात. मारायचं ऱ्हायलं असंल तर उद्या मारा." तुमच्यात दिवस बुडाल्यावर अन्नाला हात नाही. जो जिथं उभा असेल तिथं त्याला सोडून, वर पाट्या पालथ्या घालून आपण खाली यायचो. माझं जेवण त्यांनी कधी वेगळं मोजलं नाही. गलाईच्या खोलीत मी अंडी शिजवतो हे त्यांना माहीत होतं; हात धुऊन ये, एवढंच म्हणायच्या.

एकदा तुला मी आमच्या गावी नेलं. माणगंगेचं पात्र कोरडंठाक, मैलभर वाळू. तू वाळूत उतरलास आणि म्हणालास, "अरं, ग्रह हितं हाय आन आपुन दरवाजावर खेळतोय!" भर उन्हात दोन्ही फौजा वाळूत मांडल्या. माझा मामा फौजेतनं पेन्शनीवर आलेला, म्हशी पाजायला आणलेला, तो काठीवर हनुवटी टेकून बघत राहिला.

"ह्ये आमी बी करायचो वाळूवर, सायबांच्या म्होरं," तो म्हणाला. "पर पाळीपाळीनं मारता व्हय रं तुमी? आमच्यात पाळी नसती."

"मग कसं असतंय, मामा?" तू विचारलंस.

"आधी आवाज. मग शेजारचा न्हाई. मग तुला कळतंय." मग वाकून त्यानं माझा एक शिपाई उचलला आणि दगडाआड ठेवला. "ह्येला हितं ठिव. उघड्यावर हुबा ऱ्हानारा शूर नसतोय, नवा असतोय."

ह्यावरनं आपलं भांडण सुरू झालं ते कधी मिटलं नाही. खेळात धीराचा फासा होता: निम्मे साथी मेले की उरलेल्यांनी तो टाकायचा, कमी पडला तर पळायचं. तुझ्या किड्यांना तो लागू नव्हता. ते पळतच नसत. आणि मी तर फासा न टाकताच माझी माणसं मागं घ्यायचो. टेबलाच्या कडेपलीकडं गेलेला माणूस वाचला, असा नियम होता. माझी निम्मी फौज कडेपलीकडं वाचलेली असायची.

"तुझी माणसं जगून काय करत्यात?" तू चिडायचास. "लढाई अर्धवट, आन ह्ये टेबलाखाली सुखात!"

"घरी जात्यात."

"कोणतं घर? हजारो मैल लांब हाय घर."

"म्हणून काय झालं. जायची तर आशा असती."

मालकांनी मला मदुराईच्या दुकानात पाठवायचं ठरवलं तेव्हाही तू हेच म्हणालास, "चाललास कडेपलीकडं." हसून म्हणालास, पण मला लागलं. मी पळत नव्हतो रे. पाठवत होते. तुला हे एकदा नीट सांगायचं होतं.

मागच्या दिवाळीला आलो तेव्हा शेवटची लढाई मांडली. माझी जवळजवळ सगळी फौज तू कापलीस. किती दिवसांनी भेटलो म्हणून की काय, तुझ्या अंगात आलं होतं. एक शिपाई उरला, कडेजवळ. तुझे किडे त्याला घेरत आलेले. तेवढ्यात खालनं अक्का म्हणाल्या, सूर्य चाललाय. आणि सकाळी माझी गाडी होती. मी माझ्या मेलेल्यांसकट त्या एकाला डब्यात भरलं. तू म्हणालास, "ह्ये मोजायचं न्हाई हं. ह्यो आजून तितंच हुबा हाय."

मिरजेला पोचलो तर अक्का फाटकातच उभ्या होत्या. हातात चिवड्याचा डबा. त्यात तुझे किडे.

त्यांनी चालता चालता सांगितलं. पोटात आतून लय मार होता, ताप उतरत नव्हता. तू बडबडायचास. आई उशाशी बसून णमोकार मंत्र म्हणायची, तुझ्या कानात, तुझ्या तोंडून एकदा यावा म्हणून. 'णमो अरिहंताणं, बाळा, म्हण.' आणि तू म्हणायचास, 'मार. फाड त्याला. संप्या पळाला, धर.' वॉर्डातली माणसं वळून बघायची. आई कानावर हात ठेवायची, परत काढायची, परत म्हणायची.

"तुला ठावं हाय ना संपत, आमच्यात काय मानत्यात," अक्का म्हणाल्या.

ठाऊक होतं. तूच सांगितलेलं. शेवटच्या घटकेला मन जिथं असेल तिथं जीव जातो. आणि आईनं लहानपणी सांगितलेली ती गोष्टही, पिठाचा कोंबडा करून कापला तरी खऱ्या कोंबड्याचं पाप लागलं, कारण कापणाऱ्यानं मनात खराच कापला होता. आपण त्यावर किती वाद घातला होता! मी म्हणायचो पीठ ते पीठ, शिसं ते शिसं. तू हसून उडवायचास, पण वाद झाला त्या त्या दिवशी नखपॉलिश लावताना तुझा हात थांबायचा, ते मी बघितलंय.

आता तुझी आई मरणापेक्षा त्यालाच जास्त भीत होती, की तू तोंडात 'मार' घेऊन जाशील. अक्कांचं म्हणणं वेगळं होतं. "ती लढाई त्येच्या डोक्यात चालूच हाय. ती संपल्याबिगर ह्येच्या तोंडात दुसरं काय शिरणार? तू संपव ती."

मी म्हणालो, "अक्का, आवं, आई काय म्हणतील?"

"आईला जे म्हणायचं ते मला म्हणंल," त्या म्हणाल्या.

दुपार होती. खिडकीतनं ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. तू पार वाळलेला, ओठ फुटलेले. मी डबा वाजवला. तू डोळे उघडलेस आणि 'कसा आहेस' वगैरे काही नाही, सरळ म्हणालास, "माझे दोघं त्येच्या डावीकडं. तिसरा मागं. करवंटी मधी हाय." सगळं पाठ होतं तुला. अक्कांनी जेवणाचा पाट आणून खाटेवर ठेवला, मी एक एक मांडला. औषधाची बाटली खडक झाली. आईनं ते बघितलं. माळ आवळून उठली आणि दाराबाहेर गेली.

पहिली पाळी माझी. तू माझ्याकडं बघत होतास. "पळव," म्हणालास. "हायच की कड. पळवशीलच तू."

आदू, एक चाल टाकली असती तर तो कडेपलीकडं होता. वाचला असता. आणि तू त्याच्या मागं कुठवर गेला असतास, देव जाणे. माझ्या हातात तो शिपाई, निळीचा रंग उडालेला, मनात मामाचं बोलणं, चुलत्याचा हात, सगळं एकदम. मी त्याला उचललं आणि तिथंच परत टेकवलं.

"पळत न्हाई?"

"न्हाई."

"का रं?"

"दमलाय त्यो."

तुला कळलं का, हे मला आता कधी कळणार नाही. तुझा हात उचलत नव्हता, म्हणून फासे अक्कांनी घेतले आणि स्टीलच्या वाटीत टाकले. पहिला किडा चुकला. दुसराही. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मान वर करून बघू लागला. तिसऱ्याला अक्कांनी फासे मुठीत इतके घट्ट धरले की बोटं पांढरी पडली. वाटीत सहा पडला.

आणि तू मारलंस त्याला. कुठनं आला तो आवाज तुझ्या अंगात? विळा मानेत घातलास, बाहेर काढलास, परत घातलास. छाती उघडलीस, बरगड्या मोडताना आवाज काढलास, काळीज विळ्यावर घेऊन वर धरलंस. "मेला! मेला! संप्याचा शेवटचा मेला!" हसलास, खोकलास, परत हसलास, ओठातनं रक्त आलं. नर्स धावत आली. बाहेर आईनं ते सगळं ऐकलं, आणि तिच्या चपलांचा आवाज जिन्याकडं गेला.

मग तू पडून राहिलास. श्वास खाली बसला. म्हणालास, "आक्का, बघ की. कुणी ऱ्हायलं काय?"

अक्कांनी पाटावर खरंच बघितलं, बाटलीच्या मागं सुद्धा. "कुणी न्हाई रं."

"मग आता मला कुणाला मारायचं न्हाई," तू म्हणालास. "आईला बोलव."

मी पळालो. आई खाली आवारात, भिंतीकडं तोंड करून बसलेली. हाताला धरून वर आणेपर्यंत तू झोपला होतास. कपाळ गार. त्या दिवसांत पहिल्यांदा शांत झोप. डॉक्टर म्हणाले, उतारा पडतोय. आम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं. शेठजींनी जाऊन-येऊन तीनच दिवस दिलेले, म्हणून मी संध्याकाळच्या गाडीत बसलो. आईला काय सांगायचं ते 'उद्या आदूच सांगेल' म्हणून राहून गेलं. तू उजाडायच्या आत गेलास. मी मदुराईला उतरून दुकानात आलो तर भांडीवाला दारातच उभा होता, आणि या वेळी तो पळत आला नव्हता.

अक्कांनी फोनवर सगळं सांगितलं, शांतपणे. आई त्यांच्याशी बोलत नाही. म्हणते, माझ्या पोराच्या शेवटच्या घटकेला तू फासे टाकलेस, तू त्याच्या तोंडात हिंसा घातलीस. तू शेवटी काय म्हणालास ते अक्कांनी तिला सांगितलं. तिनं मानलं नाही. "मला बरं वाटावं म्हणून रचतीस." मी सांगेन म्हणालो तर अक्का म्हणाल्या, "तुझ्या कामाचं बघ. हितलं मी निभावतीय." फोन ठेवताना जेवलास का, ते विचारलं.

किडे त्यांच्याकडं आहेत. तुझ्या वडिलांनी नदीत टाकायला सांगितले. अक्का म्हणाल्या, टाकते, आणि टाकले नाहीत. माझी माणसं इथं खाटेखाली. मी ती उघडलेली नाहीत. भट्टीपुढं बसलो की कधी कधी मूस फुटल्यासारखं वाटतं आणि हात मागं घेतो. रात्री नाही, दिवसाच. मला राग येतो तुझा, आदू. दिवा नसलेली ट्रॉली दिसली नाही तुला, आणि टेबलावर वीतभर लांबचा माझा माणूस अचूक दिसायचा. आणि मग वाटतं, सातवी नापाशाला कुणी असा खोका उघडून दिला असता? कुणी विचारलं असतं, जिंकलं कोण ते तू ठरव म्हणून?

सुटी कधी मिळेल सांगता येत नाही. मिळाली की आधी गावाला जाणार नाही, सांगलीला उतरणार. तुझ्या आईपुढं बसणार. ती मला आत घेईल की नाही, ठाऊक नाही. मी बाहेरचा, अंडी खाणारा, आणि त्या पाटावर माणसं मांडणारा मीच. पण मेलेला माणूस माझा होता, म्हणजे त्याची साक्षही माझीच. मी सांगणार की त्याला मी उभा केला, अक्कांनी नाही. पळता येत होतं आणि मी पळवला नाही. आणि नंतर तू काय म्हणालास, शब्दाला शब्द. तिनं नाही मानलं तर दुसऱ्या दिवशी परत सांगणार. ती अक्कांना हाक मारेपर्यंत सांगत राहणार. पद्माक्कांचं माझ्यावर जे ऋण आहे ते मी एक दिवस असंच फेडीन, आदू, आणि त्या दिवशी तिथनं उठणार नाही.